देवीतून उठलेल्या मेंढ्या

म्हस्कू बिडगर या माणसाच्या हातांबद्दल मी एकदा एक वाक्य लिहिलं. खाली माझी सही आहे, तारीख आठ डिसेंबर एकोणीसशे नव्व्याण्णव. वाक्य खोटं होतं, आणि लिहिताना मला ते ठाऊक होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी फार शहाणी वाटायला लागले तर तुम्ही भुलायचं नाही.

मी प्रतिभा, दौंडची. वडील रेल्वेत गार्ड, त्यामुळे घरात सगळ्यांना घड्याळाचा धाक आणि माझ्या जिभेला धाक कुणाचाच नाही. पुण्यात राहून सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि शहाण्णव साली शिरूर-न्हावरा रस्त्यावरच्या एका खासगी लॅबमध्ये चिकटले. जनावरांच्या लशी करायची लॅब. नाव घेत नाही; ती केव्हाच बंद पडली आणि त्या शेडमध्ये आता कुणीतरी मंगल कार्यालय काढलंय. आमची मुख्य लस मेंढ्यांच्या देवीवरची. मेंढीला ताप येतो, अंगभर फोड येतात, कोकरं पटापट जातात, तो रोग. धनगर माणसं त्याला रोग म्हणत नाहीत. देवी आली म्हणतात.

लस करायची तर आधी त्या रोगाच्या विषाणूचा दुबळा केलेला वाण वाढवावा लागतो. तो काही नुसत्या बाटलीत वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागतात. म्हणून कोकराच्या अवयवातल्या पेशी सुट्या करून चपट्या काचेच्या बाटल्यांत वाढवायच्या. बाटलीच्या तळाला त्यांचा एकसारखा थर धरला की विषाणू सोडायचा. त्यानं त्या पेशी मारल्या की उरलेलं पाणी म्हणजे लशीचा कच्चा माल. सगळा खेळ आधी पेशी जगवण्याचा, आणि पेशी जगतात मीडियावर, म्हणजे त्यांच्या खाण्यावर. क्षार, साखर, जीवनसत्त्वं, अमिनो आम्लं, सगळं तोलून-मापून शुद्ध पाण्यात विरघळवलेलं. तो मीडिया करायची खोली माझी. तिथं माझ्या परवानगीशिवाय कुणी शिंकतही नसे.

म्हस्कूमामा आमच्याकडे आले ते मेंढ्या राखायला. लशीच्या चाचणीसाठी मागच्या शेडमध्ये वीसेक मेंढ्या असत. मामा वडगाव रासाईचे, भीमेच्या काठचे. त्यांचे वडील वर्षातले आठ महिने मेंढरं घेऊन मुलूख फिरायचे. मामांनी मात्र घर धरलं, ऊस लावला, आणि जीव राहवेना म्हणून तीसेक मेंढरं ठेवली. पन्नाशीचा काटक माणूस, बोलायला संथ. हात अंगाच्या मानानं लहान होते आणि बोटं लांब, निमुळती.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत शेडमधली एक मेंढी अडली. आमचे मोठे सर स्वतः पशुवैद्य, पण त्यांचा पंजा हा असा फावड्याएवढा. ते नुसतेच घाम पुसत उभे. मामा म्हणाले, "सायेब, जरा सरा." आधी त्यांनी ब्लेडनं नखं काढली, साबणानं हात धुतले, गोडेतेल चोळलं आणि मग मेंढीच्या कानात काहीतरी पुटपुटत हात आत घातला. कोकराचा एक पाय मागं दुमडलेला होता. तो त्यांनी बोटांनी चाचपडत सरळ केला. पाच मिनिटांत कोकरू बाहेर, आणि मेंढी उठून त्याला चाटायला लागली.

रहीमभाई, आमचे ऑटोक्लेव्ह, म्हणजे बाटल्या वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र सांभाळणारे, मला म्हणाले, "म्याडम, तुम्हाला माहीत नाही? मांडवगणपासून न्हावऱ्यापर्यंत कुणाचीही मेंढी अडू दे, मोटरसायकल ह्यांच्या दारात येते. लोक म्हणतात, म्हस्कूचा हात लागला की कोकरू जितंच पडतं." मामा लाजून मान खाली घालून हात धूत होते. त्यांना शेती होती, घर होतं, पण गावात आणि बाहेर त्यांची जी काही पत होती ती त्या दोन हातांची होती.

मी ती नखं काढायची पद्धत बघितली आणि दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, हा माणूस मला मीडिया रूममध्ये पाहिजे. सर म्हणाले, चौथी शिकलेला आहे. मी म्हटलं, माझ्याकडे बी.एस्सी. झालेला एक होता, तो नाकात बोट घालायचा. मामा आत आले.

मी त्यांना हात धुवायला शिकवलं. म्हणजे धुवायला येतच होते, पण लॅबचं धुणं वेगळं. नखापासून कोपरापर्यंत साबण, मग हात वर धरायचे. पाणी कोपराकडे जाऊ द्यायचं, कोपराकडचं पाणी परत बोटांवर येऊ द्यायचं नाही. मामांनी ते एकदाच बघितलं आणि पुन्हा कधी चुकले नाहीत. माझ्या मात्र घाईत दोनदा चुका झालेल्या त्यांनी पकडल्या. एकदा म्हणाले, "म्याडम, वघळ खाली आला तुमचा." मला राग आला, पण परत धुतले.

मीडियाला ते खुराक म्हणायचे. आमच्याकडे तेव्हा तीन खुराक होते. एक दुधातल्या प्रथिनांपासून केलेला, साधा आणि स्वस्त. एक एमईएम नावाचा, पेशीला नेमकं जेवढं लागतं तेवढंच असलेला. आणि एक साठेक घटकांचा, सगळ्यात भारी. मी महिनाभर तिन्ही लावून बघितले. नवशिक्या माणसाला वाटतं, भारी ते चांगलं. तसं नसतं. आमच्या कोकराच्या पेशी साध्या खुराकावर जगायच्या पण थर विरळ धरायच्या, आणि साठ घटकांवर जेवढ्या वाढायच्या तेवढ्याच एमईएमवरही वाढायच्या. मी एमईएम ठरवला. मामा म्हणाले, "बराबर हाय. मेंढराला बी पंचपक्वान्न नको. रानातलं खाऊन जे अंगाला लागतं ते खरं."

खुराकात एक रंग असतो. खुराक ताजा असला की तांबूस, पेशी खाऊन-पिऊन आंबट पाणी सोडायला लागल्या की पिवळा, आणि बूच सैल राहून हवा गेली की जांभळट. मामा दारातूनच बाटल्यांच्या रांगेवर नजर टाकायचे. "तिसरी आन् आठवी पिवळी पडलीया, म्याडम. उपाशी हायती लेकरं." आणि तसंच असायचं. पेशी वाढायच्या असल्या की मीडियात दहा टक्के सिरम घालायचं, म्हणजे रक्त गोठल्यावर वर जे सोनेरी पाणी सुटतं ते. नुसत्या टिकवायच्या असल्या की दोन टक्के. या दोन टक्क्यांच्या मीडियाला मामांनी नाव ठेवलं, भाकडीचा खुराक. दूध न देणाऱ्या जनावराला घालतात तसा. पुढे आमच्या रजिस्टरमध्ये सुद्धा रहीमभाई तसंच लिहायला लागले, आणि बाहेरून तपासणीला आलेल्या एका साहेबांना मला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला.

तीन वर्षं बरी गेली. माझं तोंड सुटलं तरी मामा ऐकून घ्यायचे आणि शांतपणे म्हणायचे, "व्हय म्याडम, पर बाटली खाली ठिवा आधी." जानेवारी दोन हजारपासून त्यांना कायम करायचं सरांनी कबूल केलं होतं.

नव्व्याण्णवच्या ऑक्टोबरात सिरम संपलं. आम्ही बाहेरदेशातून येणारं वासराचं सिरम वापरायचो. ते कुठल्याशा कागदासाठी मुंबईत अडकून पडलं होतं. इकडे दिवाळीनंतर कळप कोकणात उतरतात, त्याच्या आत लस पाहिजे म्हणून रोज फोन. सर म्हणाले, "इथलंच करा की. मेंढीचं करा. आजूबाजूला मेंढ्या काय कमी आहेत?"

जिवंत मेंढीच्या मानेच्या शिरेतून पाव लिटर रक्त काढलं तर तिला काही होत नाही. रक्त बाटलीत गोठू द्यायचं, वरचं सिरम काढून गाळायचं, छप्पन्न अंशांवर अर्धा तास ठेवायचं, झालं. पण पुस्तकात एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली असते. ज्या जनावराच्या रोगाची लस, त्याच जनावराचं सिरम घेत असाल तर त्यात त्या रोगाविरुद्धची प्रतिपिंडं नाहीत ना, हे आधी तपासा. कारण ती असली तर विषाणू पेशीपर्यंत पोचायच्या आतच निकामी होतो. आणि ही प्रतिपिंडं छप्पन्न अंशांना जुमानत नाहीत. त्या तपासणीला आठ-दहा दिवस जातात. हे मला पाठ होतं. मी ते मामांना कधीच सांगितलं नव्हतं. त्यांना काय करायचंय, असं मला वाटायचं.

मी त्यांना एवढंच म्हटलं, "मामा, चांगल्या धट्ट्याकट्ट्या मेंढ्या बघा. एकदम निरोगी पाहिजेत."

दोन दिवसांनी टेम्पो आला. मामांच्या स्वतःच्या बारा मेंढ्या. एकेक बघत राहावी अशी. प्रत्येकीच्या कपाळावर हळद. मामा मला म्हणाले, "म्याडम, आमच्यातली ही सगळ्यात पाक मेंढरं. चार वर्सांमागं देवी आली तवा निम्मी गेली. ही तेवढी त्यातनं उठली. त्यास्नी आता काय बी व्हत न्हाई. आमी ही कसायाला देत न्हाई, इकत बी न्हाई. देवीआईची हायत ती. आमची कारभारीन अनसाबाई न्हाई म्हनत व्हती रगत काढाया. म्या म्हनलं, दुसऱ्या मेंढरांच्याच कामाला जातंय. मग तिनं नारळ फोडला आन् दिली."

हे सगळं मी ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला. हातात घड्याळ, डोक्यात सरांचा फोन. मी म्हटलं, "छान, घ्या आत." मेंढीच्या रोगाची लस करणारी बाई मी, एम.एस्सी. झालेली, आणि एक माणूस मला तोंडावर सांगतोय की या मेंढ्यांना देवी येऊन गेली आहे. मी छान म्हटलं.

मी सिरम पेशींवर लावून बघितलं. पेशी अशा वाढल्या की तीन वर्षांत तसा थर मी पाहिला नव्हता. मग मी प्रतिपिंडांची तपासणी मागे ठेवली. सरांनी विचारलं, "सगळं तपासलंय ना?" मी म्हटलं, "हो सर." रजिस्टरमधला त्या तपासणीचा रकाना रिकामा होता.

सगळ्या बाटल्यांत विषाणू सोडला. चौथ्या-पाचव्या दिवशी पेशी गोल होऊन तळापासून सुटायला लागतात. आठवा दिवस उजाडला तरी एक सुटेना. दुसरी फेरी लावली, विषाणू दुप्पट घातला. तेच. तिसरी फेरी. सर लाल. मी दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून. नोव्हेंबर संपत आला, कळप खाली उतरून गेले, लस नाही.

एका सकाळी मामा बाटल्यांपुढे उभे होते. चेहऱ्यावर कौतुक. म्हणाले, "बघा म्याडम, तुमी एवढं इख घालताय, पर ही काय मरत न्हाईत. म्या म्हनलं न्हवतं का? देवीतनं उठल्यालीचं रगत हाय त्यात."

माझ्या हातातली बाटली मी खाली ठेवली. त्यांना विज्ञानातलं काही ठाऊक नव्हतं आणि त्यांनी नेमकं तेच सांगितलं जे मला महिनाभर आधी कळायला हवं होतं. मामा माझ्याकडे बघत होते, काही चुकलं का म्हणून. मी म्हटलं, "जा तुम्ही, मला काम आहे."

आता खरं सांगायला हवं. मी त्याच वेळी सरांकडे गेले असते तर काय झालं असतं? ओरडले असते. वर्षाची बढती गेली असती. कदाचित काढलंही असतं, कारण मी तपासलं नसताना तपासलं म्हणाले होते. पण मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत उपाशी मेले नसते. मला भीती वाटली ती वेगळीच. लॅबमध्ये म्हणायचे, प्रतिभाबाई बोलतात तिखट पण चुकत नाहीत. ते ऐकायची मला सवय लागली होती.

नेमकं त्याच आठवड्यात मीडियाच्या दोन बाटल्यांत बुरशी निघाली. दोनशेपैकी दोन. अशी कधीमधी निघतेच, कुणाच्याही हातून. मी ती धरून ठेवली. सरांना म्हटलं, मीडिया दूषित होता, त्यानं पेशी बिघडल्या, म्हणून विषाणू धरला नाही. पेशींचं काम जाणणारा कुणी असता तर हसला असता. दूषित खुराकावर पेशी आधी मरतात, आणि आमची तक्रार तर अशी होती की त्या मरत नाहीत. पण सर जनावरांचे डॉक्टर. त्यांना वर पाठवायला कारण पाहिजे होतं. म्हणाले, लिहून द्या.

मी लिहिलं. "मीडिया हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याचे हात अस्वच्छ असल्याने संसर्ग झाला."

सरांनी सगळ्यांना बोलावून ते वाचून दाखवलं. ड्रायव्हर, शेडवाले, रहीमभाई, सगळे. मामा माझ्यासमोर उभे होते. त्यांना वाटलं काहीतरी गफलत झालीय, मी लगेच सांगेन. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, आणि म्हणाले, "म्याडम, तुमी बघा की."

मी रजिस्टर बघत राहिले.

मामांचं कायम होणं गेलंच. सर म्हणाले पुन्हा शेडमध्ये जा. मामा दुसऱ्या दिवशी आले, शेडमधल्या मेंढ्यांना चारा घातला, पाणी ठेवलं, डबा घेतला आणि वडगावला गेले. परत आले नाहीत. मी रिकामा रकाना तपासणी न करताच भरला आणि उरलेलं सिरम मोरीत ओतलं. जानेवारीत वासराचं सिरम सुटून आलं आणि पहिल्याच फेरीत लस उतरली. सगळे म्हणाले, बघा, म्हस्कू गेला आणि काम सुधारलं.

दोन हजार चारला लॅब बंद झाली. मी दौंडला एका कॉलेजात शिकवायला लागले. दरवर्षी पोरांना हा धडा शिकवते: सिरम निवडताना जनावराचा इतिहास विचारा. तास संपला की स्टाफरूममध्ये जाऊन डोळे मिटून बसते. सहकाऱ्यांना वाटतं, बाईंचं डोकं दुखतंय.

दोन हजार सातच्या मार्चमध्ये शिरूरच्या एस.टी. स्टँडवर रहीमभाई भेटले. रांजणगावच्या एका कंपनीत बॉयलरवर होते. घरच्यांची विचारपूस झाली. मग मीच विचारलं, म्हस्कूमामा कसे आहेत.

"बरे आहेत. पण हात घालत नाहीत आता."

"कशात?"

"अडलेल्या मेंढीला. लॅब सोडली तेव्हापासून एकदाही नाही. लोक गेले, हातापाया पडले. ते म्हणायचे, माझ्या हातात घाण हाय, कागदावर आलंय, माझ्या हातानं जनावर नासंल. आधी लोकांना वाटलं नखरे करतोय. मग लोकांनीच जाणं सोडलं. म्याडम, तुम्ही एवढ्या शिकलेल्या. त्यांना एकदा समजावून सांगा की बुरशी कुणाच्याही हातून येते."

मी शिरूरहून दौंडला जाणार होते. न्हावऱ्याला उतरले आणि वडगावला जायला मांडवगणच्या जीपमध्ये बसले.

घर उसाच्या कडेला, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचं छप्पर. मामा बाजेवर बसले होते. केस पांढरे झालेले, उजव्या हाताला बारीक कंप. मला बघून उठले. "म्याडम? या, या." ओळखीचा आनंद तोंडावर तसाच. त्यानं मला जास्त लाज वाटली. पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी ते हौदावर गेले. नखापासून कोपरापर्यंत साबण. हात वर. पाणी कोपराकडं.

अनसाबाई, त्यांची बायको, चुलीपुढून म्हणाली, "दिसात ईस डाव धुत्यात, बाई. कातडं निघालं हातांचं. भाकरीला हात लावायचा तरी धुत्यात, मेंढराला पाला टाकायचा तरी धुत्यात." मग आवाज खाली आणून तिनं सांगितलं, दोन वर्षांपूर्वी मामांची बहीण विठाबाई, तिची मेंढी अडली. विठाबाई भावाला घेऊन गेली. मामा तिथवर गेले, मेंढीपाशी बसले, आणि हात घालेनात. बहीण रडायला लागली. मेंढी दुपारपर्यंत तडफडून गेली, पोटात दोन कोकरं. विठाबाई तेव्हापासून या घराची पायरी चढली नाही. भाऊबीजेलासुद्धा नाही.

मी वाटेत जीपमध्ये बरंच काही जुळवलं होतं. विज्ञानाच्या अंगानं हळूहळू सांगू, असं ठरवलं होतं. ते सगळं राहिलं. मी म्हटलं, "मामा, तुमचे हात स्वच्छ होते. चूक माझी होती. तुमच्या मेंढ्यांना देवी येऊन गेली होती, म्हणून त्यांच्या रक्तात देवीला मारायची ताकद होती. तीच सिरममध्ये आली, म्हणून विषाणू वाढला नाही. मी आधी तपासायला हवं होतं. तपासलं नाही, आणि तुमच्यावर ढकललं."

मामा बाजेच्या दोरीकडे बघत होते. म्हणाले, "म्हंजी रगत चांगलं व्हतं?"

"फार चांगलं होतं. आमच्या कामाला नको इतकं चांगलं होतं."

"तुमाला कवा कळलं?"

"तुम्ही बाटल्यांपुढं उभे राहून म्हणालात ना, ही मरत नाहीत म्हणून. तेव्हाच."

"म्हंजी कागद वाचला त्याच्या आधी."

"हो."

अनसाबाईनं चहाचं भांडं खाली ठेवलं आणि ती आत निघून गेली. मामांचा हात कापत होता, तो त्यांनी दुसऱ्या हातानं धरला. मला वाटलं आता शिव्या देतील. मला त्या हव्या होत्या. ते म्हणाले, "इठाबाईच्या मेंढीनं माज्याकडं बघितलं व्हतं, म्याडम. पाय दुमडलेला व्हता, म्या वरनंच वळखलं. पाच मिनिटांचं काम." मग म्हणाले, "आता ह्या हातानं व्हयाचं बी न्हाई. कापतोय."

माफी मागितली, ती मागितली म्हणून मागितली. तिनं एकही कोकरू उठणार नव्हतं.

"तेवढं लिवून द्या," मामा म्हणाले. "तवा लिवलं व्हतं, तसंच. इठाबाईला दाखवतो."

लॅबचं नाव छापलेला कागद कुठून आणणार? माझ्या पर्समध्ये कॉलेजची वही होती. त्यातलं पान फाडलं आणि बाजेवर टेकून लिहिलं. "श्री. म्हस्कू बिडगर यांचे हात पूर्णपणे स्वच्छ होते. १९९९ साली लस बिघडली ती माझ्या चुकीमुळे, आणि त्यांच्यावरचा आरोप मी जाणूनबुजून खोटा लिहिला." खाली सही केली, पूर्ण नाव, पदवी, दौंडचा पत्ता. पदवी लिहिताना पेन क्षणभर थांबलं होतं.

मी कागद पुढे केला. मामांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. उठले, हौदावर गेले. मी म्हटलं, "मामा, नका, कागदच आहे." त्यांनी ऐकलं नाही. साबण घेतला. एकेक नख घासलं, मनगट, कोपरापर्यंत. दहा वर्षांपूर्वी शिकवलेलं, काही एक न गाळता. हात वर धरून, निथळत, ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि तळवे माझ्यापुढे केले.

"बघा म्याडम," ते म्हणाले. "घिऊ का आता?"

या वेळी मी बघितले. सालं निघालेली, कापणारी लांब बोटं, नखं बारीक काढलेली. स्वच्छ होते. तेव्हाही स्वच्छच होते.